देविदासभाऊंचं स्टूल

सायकलच्या कॅरिअरवर चार पाय वर करून बांधलेलं लाकडी स्टूल दिसलं, की समजावं देविदासभाऊ कामावर निघाले. गिरणीतल्या कामावर नव्हे, दुसऱ्या. ही सायकल पुलगावातल्या एखाद्या गल्लीत वळली, की तिथले नवरे अचानक गोड बोलू लागत. एकाने तर बायकोच्या हातातली घागर ओढून घेत नळाकडे धाव घेतली होती म्हणतात.

भाऊ आमच्या सूतगिरणीतल्या युनियनचे सेक्रेटरी, आणि मी त्यांच्या हाताखालचा सहसेक्रेटरी. म्हणजे ते बोलत आणि मी मान डोलवी. काही वर्षांपूर्वी युनियनच्या वरच्या कार्यालयातून फर्मान आलं, की महिलांवरील हिंसाचार थांबवण्यासाठी सर्व शाखांनी मोहीम राबवावी. आम्ही राबवली. गेटवर बॅनर लावला, त्याखाली उभं राहून फोटो काढला आणि वर पाठवला. बॅनरसाठी दोरी आणणारा बंडू घरी काय करतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. फोटोत तो मधोमध आहे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला आहे.

भाऊ फोटोला आले नाहीत. नंतर बॅनरपुढे उभे राहून त्यांनी मला विचारलं, "बॅनर तं लागला. आता मारनं कवा बंद होते?"

मी म्हणालो, जागृती हळूहळू होत असते.

"पगारवाढ मागतानी तं आपन मॅनेजरले हळूहळू नाई म्हनत," ते म्हणाले. लवकरच त्यांच्या सायकलवर स्टूल आलं.

पद्धत साधी होती. एखाद्या सभासदाने बायकोवर हात उचलल्याचं कळलं, आणि त्या बाईने हो म्हटलं, की गिरणीतली पाळी संपल्यावर भाऊ त्याच्या दारासमोर रस्त्यात स्टूल टाकून बसत. घोषणा नाहीत, भाषण नाही. खिशातल्या शेंगा फोडत बसायचं. येणारा-जाणारा विचारी, "भाऊ, इथं काऊन?" भाऊ सांगत, "युनियनचं काम आहे." तेवढं पुरे होई. चहा आला तर परत जाई. उठायचं केव्हा, तर त्या बाईने स्वतः दारात येऊन "उठा" म्हटल्यावर. सासूचं "उठा" चालत नसे. एका नवऱ्याने बायकोला मागून ढोसून ते वदवलं. भाऊ म्हणाले, "आवाज तुया हाये बाई, पन बोलून तो राह्यला," आणि त्यांनी नवी शेंग फोडली.

एकदा भाऊंची सायकल पंक्चर झाली. मेकॅनिक येईपर्यंत ते सावली पाहून स्टुलावर टेकले. समोरचं घर आमच्या स्टोअरकीपर राऊतचं निघालं. थोड्या वेळाने राऊत बाहेर आला तो हात जोडूनच. "भाऊ, एकच थापड मारली होती. तुमाले कोनं सांगितलं?"

"तूच," भाऊ म्हणाले. पंक्चर निघालं तरी ते हलले नाहीत. राऊतबाईंनी संध्याकाळी सावकाश स्वयंपाक उरकून "उठा" म्हटलं, तेव्हा उठले.

आम्ही युनियनच्या खोलीत भाऊंची नक्कल करून हसायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली होई. सोमवारी, गिरणीच्या सुट्टीला, मात्र ते कुठेच दिसत नसत. आम्ही समजायचो, महादेवाचा उपास असेल.

गेल्या वर्षी युनियनची निवडणूक तोंडावर आली आणि नेमकी तेव्हाच सुनीता नवरा मारतो म्हणून भाऊंना भेटली. सुनीता वाइंडिंग खात्यात, स्वतः सभासद. तिचा नवरा सुरेश रिंगफ्रेम खात्यात, आणि त्या खात्याची मतं त्याच्या शब्दावर पडायची. निवडणूक होईपर्यंत सुरेशच्या दारात बसू नका, एवढं भाऊंना सांगायला कमिटीने मला पाठवलं. मी आढेवेढे घेत सांगितलं. आठ दिवसांचाच प्रश्न आहे म्हणालो.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. मंग तू जाजो सुनीताकडं. तिले म्हनजो, आठ दिवस मार खाय, मंग येतो आमी."

मी गेलो नाही. भाऊ गेले.

सुरेशने त्यांच्यापुढे मोटारसायकल आडवी लावली, टीव्हीचा आवाज वाढवला, शेवटी धुण्याचं पाणी फेकलं. भाऊंनी छत्री उघडली. सुनीता दारात येऊन उभी राही, पण "उठा" म्हणत नसे. अंधार पडला की भाऊ तिला "उद्या येतो" सांगून रात्रीपुरते निघत आणि दुसऱ्या दिवशी खरंच येत.

निवडणुकीत भाऊ पडले. त्यांच्या जागी मी निवडून आलो. सुरेशकडे मी मतं मागितली नव्हती. नको असंही म्हटलं नव्हतं. गळ्यात हार घालायला तोच पुढे आला, आणि मी मान वाकवली.

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागेना. भाऊंना काय सांगायचं ते न ठरवताच सोमवारी स्कूटरने नाचणगावला त्यांच्या घरी गेलो. घर वस्तीच्या टोकाला, पुढे वांग्यांचे वाफे सुरू होतात. भाऊ अंगणात स्टुलावर बसले होते, स्वतःच्या दाराकडे तोंड करून. आज शेंगा नव्हत्या, हात मांडीवर होते. हवा खाताय का, असं मी विचारलं.

"युनियनचं काम आहे," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

सुमनवहिनी उंबरठ्यावर भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "हसू नका, अरुणभाऊ. तुमचा बॅनर लागला, तवा पयले इथंच बसले हे. मी म्हनलं, हे काय? तं म्हने, मी बी मेंबरच आहो." मग जुडी झटकून त्यांनी सांगितलं, की लग्न नवं होतं तेव्हा हे सुट्टीच्या दिवशी पिऊन येत आणि मारत. "सोडून जमाना झाला. पन सोमवार आला का माया जीव अजून थरथरते."

मी विचारलं, तुम्ही "उठा" म्हणत नाही का?

"म्हनतो ना. माया मनात येईन तवा. कवा लवकर येते, कवा नाई."

भाजी निवडून झाली. वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा."

भाऊ उठले. कंबर धरून त्यांनी स्टूल उचललं, दुपट्ट्याने पुसलं आणि माझ्या स्कूटरच्या मागे उलटं ठेवलं. "सुनीतानं अजून उठा म्हटलं नाई," ते म्हणाले. "आता हे तुयं काम."

माफी मागायची राहिलीच. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग पुढच्या सोमवारी तुम्ही कशावर बसाल?"

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं.

"बाज हाये ना," वहिनी म्हणाल्या. "टाकीन अंगनात. मी बी बसीन जराशी."

भाऊ सायकलच्या जुन्या ट्यूबने स्टूल स्कूटरला बांधू लागले. गाठ त्यांच्या हातून सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. शेवटी ती मीच बांधली आणि स्कूटर सुरेशच्या गल्लीच्या दिशेने वळवली.