कोल्हेराव कोणाचे?

“कोल्हेराव, तुम्ही चांदणीबरोबर एक गाणं म्हणाल का?”

भोंग्यानं प्रश्न टाइप केला, डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं. मधल्या सुट्टीत चष्मिस आणि मॉनिटर या दोन मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “दम असेल तर आज लाइव्हमध्ये सगळ्यांसमोर विचारून दाखव!” दम? वर्षभरापूर्वी हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती आता वक्तृत्वात पहिली आली होती. घरात तिचं नाव भोंगा पडलं ते तेव्हापासून. अशा मुलीच्या दमाची परीक्षा घ्यायची नसते.

कोल्हेराव म्हणजे पडद्यावरचा एक चितारलेला कोल्हा. जांभळा कोट, शेपटीला रिबीन. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस बोलला की कोल्ह्याचं तोंड हले, त्यानं मान वळवली की कोल्हाही वळवी. रोज संध्याकाळी सात वाजता कोल्हेराव गात, गप्पा मारत, आणि कितीतरी मुली दरमहा वर्गणी भरून त्यांच्या सभासद होत. भोंग्याचा अर्धा वर्ग त्यांच्यावर फिदा होता. वर्गाला एवढंच ठाऊक नव्हतं की हे राजबिंडे कोल्हेराव भोंग्याच्याच घरी, कपाटामागच्या अडगळीच्या खोलीत, भिंतींना रजया टांगून, बनियनवर घामाघूम होऊन बसतात. तो तिचा सख्खा दादा होता.

हे बाहेर बोलायचं नाही असा घरचा नियम होता. दादा म्हणे, “कोल्ह्याचं बीळ दिसलं की कोल्हा संपला.” बाबांचं कारण वेगळं होतं. “लोक विचारतात, मुलगा काय करतो. काय सांगू? कोल्हा आहे म्हणून?” बाबांचं पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यांनी दादाला वर्षअखेरची मुदत दिली होती. तोवर स्वतःचं भागवलं तर ठीक, नाहीतर दुकानात शेजारी बसून तांब्याची तार गुंडाळायची. सध्या तरी दादाचं भागत होतं, जेमतेम का होईना.

प्रश्न वाचून पडद्यावर कोल्ह्यानं कान टवकारले. “चांदणीबाई? त्या हो म्हणत असतील तर आम्ही एका पायावर तयार. तसे चार आहेत, पण एकावर तयार.”

चांदणी म्हणजे अशीच एक चितारलेली गायिका, कपाळावर तारा असलेली. ती तासाभरात हो म्हणाली. मग आठवडाभर तालीम चालली. एका दुपारी आई भाजी निवडता निवडता थांबली.

“अगं, हा हसतोय.”

“मग? रोजच हसतो की लाइव्हला.”

“तो कोल्हा हसतो,” आई म्हणाली. “आज हा हसला.”

रविवारी गाणं झालं. असं झालं की बाबासुद्धा चहाचा कप हातात धरून दाराशी उभे राहिले आणि चहा गार झाल्यावर, “आवाज कमी करा,” एवढंच म्हणून निघून गेले. बाबांच्या भाषेत हा सत्कार होता.

सोमवारी सकाळी एक तृतीयांश सभासद गायब. भोंगा शाळेत पोचली तर चष्मिसचे डोळे सुजलेले.

“मी सोडलं सभासदत्व. तू?”

“अगं पण का? गाणं काय सुंदर झालं!”

“सुंदर झालं म्हणूनच! भिकार गायला असता तर माफ केलं असतं मी.”

“पण विचारायला तर तुम्हीच सांगितलंत ना?”

“तो नाही म्हणेल म्हणून!” मॉनिटर कडाडली. “‘मी फक्त तुमच्यासाठी गातो’ असं म्हणायला हवं होतं त्यानं. वाढदिवसाचे सगळे पैसे घातले मी त्याच्यावर. आणि हा तिच्या तालावर शेपूट हलवतो! नालायक आहे. आहे की नाही?”

दोघी भोंग्याकडे बघू लागल्या. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी पायातल्या बुटांकडे बघत म्हणाली, “हो ना. नालायकच.”

घरी येताच तिनं दप्तर फेकलं आणि दादाला पहिला सल्ला दिला. “माफी माग. चांदणी मला बहिणीसारखी आहे म्हण. मुली विरघळतील.”

“पण ती बहिणीसारखी नाहीये,” दादा हळूच म्हणाला. भोंग्यानं त्या वाक्याकडे नीट बघितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण भोंगा वाजायला लागला की त्याला ऐकू येत नाही.

दादानं माफी मागितली. “चांदणी मला बहिणीसारखी आहे” म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले. पाणी गालावर येऊ नये म्हणून त्यानं एक डोळा गच्च मिटला. आता, कोल्ह्याला रडता येत नव्हतं. चित्रकारानं रडक्या चेहऱ्याचे वेगळे पैसे सांगितले होते, आणि दादा म्हणाला होता, “रडायचंय कशाला? हसरा, चकित आणि एक डोळा मारणारा द्या.” त्यामुळे सगळ्या मुलींनी बघितलं ते असं: कोल्हेराव म्हणाले, “बहिणीसारखी आहे,” आणि त्यांनी झकास डोळा मारला.

चॅटमध्ये आग लागली. “आम्हाला मूर्ख समजतो!” उरलेल्यांतल्या निम्म्या मुली गेल्या. चांदणीचे चाहते वेगळेच भडकले, की आमच्या ताईची चेष्टा करतो. चांदणीचा एका ओळीचा निरोप आला, “माझ्यामुळे त्रास झाला, सॉरी.” दादानं ती ओळ दोनदा वाचली आणि फोन उशीखाली सरकवला.

भोंग्यानं दुसरा सल्ला दिला. “मुलींबरोबर नकोच. पुरुषांबरोबर कर. त्या पैलवानाबरोबर. त्याचं कुणाला काय वाटणार?”

पैलवान म्हणजे गेम खेळता खेळता शिव्या देणारा एक रेडा. तोही चितारलेलाच. त्याची पोरं झुंडीनं आली, कोल्हेरावांचं हळुवार गाणं ऐकून खिदळली आणि त्यांना ‘अंगाईकाका’ म्हणू लागली. उरल्यासुरल्या मुलींनी तेवढ्यात काढता पाय घेतला. पैलवान स्वतः भला माणूस होता. जाताना म्हणाला, “भावा, माझ्या पोरांना तुझं नाही झेपलं. मनावर घेऊ नको.”

महिनाअखेरीला दादा स्वतःच बाबांसमोर जाऊन उभा राहिला. “सोमवारपासून येतो दुकानात.”

बाबांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ते म्हणाले, “जेवलास का?”

रविवारी संध्याकाळी निरोपाचं लाइव्ह होतं. आणि काय आश्चर्य, गेलेली सगळी गर्दी उलटून आली! मुली ढसाढसा रडत होत्या, पैसे पाठवत होत्या. कोल्हेरावांना अख्ख्या वर्षात मिळालं नव्हतं तेवढं अर्ध्या तासात मिळालं. भोंग्याच्या फोनवर मॉनिटरचा मेसेज आला: “पुन्हा कधी तिच्याबरोबर गाणार नाही एवढंच म्हणू दे. आम्ही सगळ्या परत येऊ. शपथ!”

भोंगा उडालीच. तिनं वहीचं पान टराटरा फाडलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, “एकटाच गाईन म्हण! सगळ्या परत येतायत! दुकान टळेल!” आणि रांगत रांगत रजयांच्या खोलीत शिरून ते दादासमोर धरलं.

दादानं वाचलं. त्यानं तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. पडद्यावर कोल्ह्यानंही हलवली.

“मैत्रिणींनो,” तो म्हणाला, “तुम्ही मला पोसलंत, खोटं कशाला बोलू. पण या खोलीत एकट्यानं बसून बसून मला माझाच आवाज नकोसा झाला होता. एक आठवडा तेवढा बरा गेला. शेवटचं गाणं मला तिच्याबरोबर म्हणायचंय. ती यायला तयार आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी जा. मी रागावणार नाही.”

चांदणी आली. गाणं सुरू झालं आणि कोपऱ्यातला प्रेक्षकांचा आकडा गळायला लागला. आठशे. पाचशे. दोनशे दहा. भोंग्याला दर वेळी काहीतरी करावंसं वाटे, ओरडावं, कुणाच्या तरी पाया पडावं. ती काही न करता बसून राहिली. हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं होतं. गाणं संपलं तेव्हा एकेचाळीस जण होते. दादाचा चेहरा ओला होता आणि तो हसत होता. त्यानं कॅमेरा बंद केला आणि एकेक करून रजया काढायला लागला.

बाहेर आई-बाबा टीव्ही न लावता बसले होते.

“मी एक ठरवलंय,” भोंगा म्हणाली. “दादाला विचारलंय. तो म्हणाला, आता काय फरक पडतो.”

“आता आणखी काय?” आईनं धास्तावून विचारलं.

“उद्या वर्गात सांगणारेय. तो कोल्हा माझा भाऊ आहे, आणि मी त्याला नालायक म्हटलं होतं ते खोटं होतं.”

बाबांनी चष्मा काढला. “आता सांगून काय मिळणार, पोरी? संपलं ना ते?”

“संपलं म्हणूनच,” भोंगा म्हणाली. तिचा आवाज जेमतेम सोफ्यापर्यंत पोचला. “चालू होतं तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.”