आवाज बंद, माना चालू

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मैनाबाईंना दर्यापूरकडच्या सप्ताहाला जाता येत नव्हते, आणि नेमका यंदाच त्यांचा धाकटा भाऊ बुधाजी तिथे आयुष्यातले पहिले काल्याचे कीर्तन करणार होता. त्याला पहिला अभंग मैनाबाईंनीच चुलीपुढे बसवून शिकवला होता. सबब पती पुंजाराम यांनी अमरावतीच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा इंटरनेटचा डबा आणला. कीर्तन घरबसल्या थेट दिसणार होते.

सकाळी टीव्ही सुरू करून डब्याची रीतसर पूजा झाली. ज्यातून महाराज येणार त्याला हार हवाच, म्हणून टीव्हीला झेंडूचा जाड हार घातला. दोन्ही रिमोटांवर पुंजारामांनी अंगठा दाबून ओले कुंकू लावले आणि ते पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर चढवले.

दहाला बुधाजी पडद्यावर अवतरले. ओठ हलत होते, टाळ हलत होते. आवाज मात्र नव्हता.

पुंजारामांनी कंपनीला फोन लावला.

"पडताळणीसाठी आता आपल्या टीव्हीतून सहा आकडे ऐकू येतील, सर. ते मला सांगा."

"बाई, ऐकू येऊन नाई राहिलं म्हणून तं फोन लावला!"

"आकड्यांशिवाय आवाज नसल्याची तक्रार नोंदवता येत नाही, सर."

"अन् आकडे ऐकू आले तं?"

"मग तक्रारीची गरजच उरत नाही."

पुंजारामांनी वरिष्ठ मागितले. वरिष्ठांनी चित्र दिसते का, एवढेच विचारले. दिसते म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सेवा पन्नास टक्के सुरळीत आहे. आमच्याकडे पस्तीसला उत्तीर्ण धरतात."

एव्हाना बारा शेजारी हात जोडून बसले होते. आपल्यालाच ऐकू येत नसावे, अशा शंकेने इंदूबाईंनी हळूच मान डोलावली. ती पाहून दुसऱ्यांनी डोलावली. कीर्तनात आधी 'ऐकू येत नाही' म्हणेल त्याचेच पाप उघडे पडायचे! अर्ध्या तासात इंदूबाईंनी डोळेही पुसले.

"अवो, अभंग कोणता घेतला त्यानं?" मैनाबाईंनी विचारले.

"भाव पाय, भाव!" पुंजाराम म्हणाले.

"भाव दिसते जी. अभंग कोणता?"

"इठ्ठलाचाच असन! गुमान बस."

कीर्तन संपता संपता गल्लीतला नईम आला. पंखे-मिक्सर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने डब्याला हातही लावला नाही.

"काका, हार सरकवा जरा."

हारामागे, पडद्याच्या कोपऱ्यात, फुली मारलेला भोंगा होता. टीव्हीच्या रिमोटवरचे कुंकू नेमके त्याच खुणेच्या, आवाज बंद करायच्या बटणावर होते. नईमने ते दाबले. केशतेलाची जाहिरात दणाणली.

"एवढा आवाज काहून करतं बे?" इंदूबाई दचकून ओरडल्या. "भक्तीत होतो ना आमी!"

तेवढ्यात मोबाइलवर बुधाजीचा फोन आला; पुंजारामांनी स्पीकर लावला. "ताई, कसं झालं?"

मैनाबाईंच्या आधी बाराही जण बोलले. "काय गळा लागला महाराज!" "अंगावर काटा आला!"

"बुधा, खोटं काहून बोलू," मैनाबाई म्हणाल्या, "मले एक अक्षर ऐकू नाई आलं रे."

पलीकडून बुधाजीने आवाज खाली आणला.

"ताई, इथंबी दुसऱ्या चरणालेच माईक गेला होता. दोन हजार माणसं मान हलवून राहिली होती. मलेबी वाटलं, चाललं हाय तं चालू द्या. तू एकलीच खरं बोलली. थांब, फोन कानाले लाव."

मग भावाने बहिणीला तो अभंग पहिल्यापासून म्हणून दाखवला. मैनाबाईंनी या वेळी मान हलवली नाही. त्या नुसत्या रडल्या.

संध्याकाळी कंपनीचा संदेश आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या मिटली आहे. बाराही शेजाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला.

आणि वाचकहो, मघापासून तुम्हीही समजल्यासारखी मान हलवताय. तेव्हा तुम्हीच सांगा, अभंग कोणता होता?