पुढच्या गाडीला तळेगावचा चिखल

माझी स्कूटर दारात थांबली की शेजारचे सोपानआप्पा चमचा घेऊन बाहेर येत. चहाचा चमचा. उकिडवं बसून मागचं चाक न्याहाळायचं, मडगार्डच्या आतला चिखल हलकेच खरवडून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत भरायचा, आणि मगच मान वर करून विचारायचं, "कासुर्डीला गेलता व्हय, सायेब?"

गेलेलो असायचोच. मी बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर. दौंडपासून शिरूरपर्यंतचे सगळे कच्चे रस्ते माझ्या पाठीच्या मणक्यांना तोंडपाठ. पण आपल्या गाडीचा चिखल शेजाऱ्यानं चमच्यानं काढून न्यावा, म्हणजे काय म्हणायचं? एकदा वैतागून म्हणालो, "आप्पा, त्यापेक्षा सगळी गाडीच धुऊन द्या ना!"

"धुवायची?" ते दचकलेच. "आवो, कायतरीच काय बोलताय!"

आप्पा मूळचे कवठे येमाईचे. फौजेत ट्रक चालवला, पेन्शनीत आल्यावर दौंडात घर बांधलं, आणि पुढच्या खोलीत, जिथं चारचौघं सोफा ठेवतात, तिथं एका जुन्या दाराची फळी टाकून रणांगण मांडलं. बोटाएवढे लाकडी ट्रक, त्यांना कोटाच्या बटणांची चाकं, जत्रेतले प्लॅस्टिकचे सैनिक, मधून कच्चा रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला पूल. बाकी सगळा चिखल. बघणाऱ्यानं आपली पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यावी इतका खरा चिखल.

माती कापडातून गाळायची, सुताराच्या पांढऱ्या गोंदात कालवायची, चिमूटभर भुसा घालायचा. वाळल्यावर फिकी पडते, म्हणून वरून व्हार्निशचा हात. की झाला ओला चिखल. शिंतोडे उडवायला दात घासायचा जुना ब्रश. एकदा मीही हौसेनं एका ट्रकच्या टपावर ब्रश चालवला. आप्पांनी तो हातातून काढूनच घेतला.

"ट्रक हाय का म्हस? चिखल खालनं वर चढतो, सायेब. टपावर दिसला म्हंजी गाडी उलटली."

गावोगावच्या मातीवर त्यांची मतं ठाम. "कासुर्डीचा मुरूम दिसाय झ्याक, पर धरत न्हाई. आपली दौंडची काळी धरती, पर मग सोडत न्हाई." रांगेतल्या सगळ्यात पुढच्या ट्रकला मात्र तळेगाव ढमढेऱ्याचाच चिखल लागायचा. दुसरा चालायचा नाही. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "त्येला त्योच लागतो."

रविवारी या फळीवर लढाई व्हायची. म्हणजे व्हायची असं आपलं म्हणायचं. मी शत्रू. माझं सैन्य पुलापलीकडं दबा धरून बसलेलं. आप्पांचे ट्रक पूल ओलांडून आले की मी गोळीबार सुरू करायचा. पण फाशावर सहा पडल्याशिवाय गाडी चिखलातून निघणार नाही, हा आप्पांचा नियम. आणि पुढच्या ट्रकला सहा पडले की आप्पा लगेच फासा उचलायचे.

"तिरका पडला."

"आप्पा, चांगला सपाट बसलाय की!"

"तिरका हाय. फौजंत मी व्हतो का तुमी?"

पुढची गाडी हलत नाही, म्हणून मागच्याही हलत नाहीत. वर्षानुवर्षं माझ्या सैन्यानं एक गोळी झाडली नाही. प्लॅस्टिकवर चरबी चढायची सोय असती तर माझे सैनिक एव्हाना लठ्ठ झाले असते.

मग ती खंडेनवमी आली. मी स्कूटर घासूनपुसून, झेंडूचा हार घालून, नारळ फोडून मोकळा झालो, तोच शेजारून आप्पांच्या बायकोचं, काकूंचं, रडणं ऐकू आलं. धावत गेलो. फळीवर सगळे ट्रक स्वच्छ, लखलखीत, ओळीनं उभे. प्रत्येकाला हळदकुंकू आणि वर झेंडूची एकेक पाकळी.

"मला काय ठावं?" काकू हुंदके देत होत्या. "खंडेनवमीला घरातल्या समद्या गाड्या धुऊन पुजायच्या आसत्यात. ह्या बी गाड्याच की! रात्रभर भिजत घातल्या, तवा कुठं निघाला त्यो चिखल."

आता आप्पा घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. आप्पा खुर्चीत बसून होते. हातात पुढचा ट्रक. बटणाचं चाक अंगठ्यानं हळूहळू फिरवत होते. चाक अगदी मोकळं फिरत होतं.

"आता जातोय किसन," ते म्हणाले.

"कोण किसन?"

"तळेगावचा. जोडीदार माझा. माझी गाडी रुतली व्हती, त्येची म्होरं. म्हणला, तू ये सावकाश, मी व्हतो म्होरं." त्यांनी चाक अंगठ्यानं थांबवलं. "पूल वलांडला आन् पल्याडच्या गोळीबारात गेला. माझ्यासंगं रुतला आसता, तर आज हितं च्या प्याला आसता."

मी म्हणजे पुलापलीकडचा शत्रू, आणि दर रविवारी मी या माणसाला विचारत होतो, गाडी पुढं का काढत नाही म्हणून!

बाहेर आलो आणि स्कूटरला किक मारली. बायको मागून ओरडली, "अहो, आत्ताच पुजलीये! निदान हार तरी काढा!" हार काढायला मला सुचलंच नाही. थेट तळेगाव गाठलं. ऊन कडक, रस्त्यांवर नुसता फुफाटा. शेवटी एका उसाला पाणी चाललेलं दिसलं आणि मी हारासकट गाडी सरीत घातली. शेतकरी बांधावरून हाका मारतोय, "ओ पावनं, रस्ता हिकडं हाय! पिऊन आलाय का काय?" मी मागचं चाक फिरवत राहिलो. ढकलून बाहेर काढली तेव्हा गाडीच काय, माझाही रंग ओळखू येत नव्हता.

परत आलो तेव्हा आप्पा दारातच होते. काकूंनी चमचा आणून हातात दिला. आप्पा उकिडवं बसले, मडगार्डच्या आत बोट फिरवलं, बोट चोळून पाहिलं.

"तळेगाव," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

संध्याकाळी पुढची गाडी पुन्हा निम्म्या चाकांपर्यंत चिखलात गेली. व्हार्निश वाळायच्या आत काकूंनीच फासा पुढं केला; सणाचा एक डाव व्हायलाच हवा, म्हणाल्या. आप्पांनी टाकला. सहा. फळीच्या मधोमध, अगदी सपाट. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले.

मी फासा उचलून त्यांच्या हातात दिला.

"तिरका पडला, आप्पा. परत टाका."