बाईंचा कीबोर्ड

कार्यालयातून एक माउस नाहीसा झाला आणि अधीक्षकसाहेबांच्या आयुष्याला ध्येय मिळालं. माउस जुनाच होता, त्याचं एक बटण केव्हाच गेलेलं. पण साहेबांनी वरिष्ठांना तीन पानी पत्र लिहिलं आणि पोलादी वायरीची अठरा कुलपं मागवली. एक चकती वस्तूला कायमची चिकटवायची, तिची वायर टेबलाच्या आडव्या लोखंडी दांडीला वळसा घालून आणायची आणि चार आकडी कुलूप लावायचं. माउस, कीबोर्ड, स्पीकर, काही सुटलं नाही. नंबर फक्त आपल्या डोक्यात आहे, असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तिथे जागा भरपूर असल्याने तो नीट राहील, असं सगळे धरून चालले.

टंकलेखिका बाई तेव्हा रजेवर होत्या. परत येऊन पाहतात तर त्यांचा कीबोर्डही बांधलेला. तो कार्यालयाचा नव्हता. मनगट धरायला लागलं तेव्हा त्यांनी मऊ बटणांचा शोधून स्वतःसाठी आणला होता. बाईंनी दाखवलेली पावती साहेबांनी उलटसुलट पाहिली आणि तुमच्या निवृत्तीच्या दिवशी सोडून देऊ, असं सांगितलं.

तो दिवस चार महिन्यांनी आला. निरोपाच्या भाषणात साहेब बाईंबद्दल पाच मिनिटं आणि कुलपांबद्दल वीस मिनिटं बोलले. टाळ्या संपल्यावर बाईंनी कीबोर्ड मागितला. गुप्ततेसाठी साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि टेबलाखाली शिरले. पाऊण तासाने गुडघे झटकत बाहेर आले आणि तांत्रिक अडचण आहे म्हणाले.

"नंबर विसरलात का, साहेब?" बाईंनी विचारलं.

"विसरलो नाही. आठवत नाहीये."

भांडारपालाने वायर कापायचं सुचवलं, तसा साहेबांचा चेहरा उतरला. कुलूप नवं, कापलं तर अहवाल द्यावा लागणार, अहवालात कारण लिहावं लागणार. कीबोर्ड राहू द्या, दुसरा घ्या, असं त्यांनी बाईंना समजावून पाहिलं. बाईंनी सोमवारपासून घरी टंकलेखनाची कामं घेतली होती आणि दुसऱ्या कीबोर्डवर त्यांची बोटं दहा मिनिटांत बधिर होत. त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. कार्यालय बंद व्हायची वेळ टळून गेली, तरी उठेनात.

शेवटी भांडारपालालाच आठवलं, की ते टेबल मोडीत काढायच्या यादीत आहे. साहेबांची एक सही झाली की बाईंना ते कीबोर्डासकट घरी नेता येईल. कुलूप कापायला हिंमत लागत होती, टेबल घालवायला फक्त पेन. साहेबांनी लगेच सही केली.

दोन शिपायांनी टेबल जिन्यावरून उतरवलं. मागून लोंबणारा कीबोर्ड साहेबांनी दोन्ही हातांनी धरला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वायर ओढून पाहिली, कुलूप पक्कं असल्याची खात्री केली आणि टेबल बाहेर सोडलं.

"बाकी काही म्हणा, माल मजबूत आहे," साहेब टेंपोवाल्याला म्हणाले.

घरी बाईंच्या यजमानांनी टेबलाखाली वाकून चष्मा सावरला. कुलपाचे चारही आकडे शून्यावर आणून ओढलं, तर ते खट्कन उघडलं. कारखान्यातून आलं तेव्हा जसं होतं तसंच होतं. साहेबांनी नंबर घातलाच नव्हता.

सोमवारी साहेबांचाच फोन आला. एक माउस बिघडला होता आणि तो टेबलापासून सुटत नव्हता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, की घरी कुलपाचं काही जमलं का.

"जमलं ना. शून्य, शून्य, शून्य, शून्य."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हळू बोला, बाई," साहेब कुजबुजले. "असे नंबर फोनवर सांगत नाहीत."