तापीचा वाघ आणि कडवा सच

इंटरनेटवर माझ्याशी वाद घालू नये, हे मी आधीच नम्रपणे सांगून ठेवतो. राजकारण असो, मोबाइल असो की मधुमेह, मी समोरच्याला असा धुतो की तो पुन्हा वाळत नाही! कागदाच्या मिलमधून रिटायर झालो, बऱ्हाणपुरात घर बांधलं आणि फेसबुकवरचा गावचा चर्चा-ग्रुप धरला. खरं नाव भाईदास. पण भाईदासला कोण घाबरणार? म्हणून ग्रुपात नाव घेतलं 'तापीचा वाघ' आणि फोटोही वाघाचाच लावला.

तिथे मला एकच वैरी होता. नाव 'कडवा सच', फोटो कारल्याचा. मी स्मार्ट मीटरला वाईट म्हणालो की तो म्हणायचा चांगला. मी वैतागून चांगला म्हणालो की त्याला तो वाईट दिसायचा. निवडणुकीत तर आम्ही एकमेकांचे सात पिढ्यांचे पूर्वज बाहेर काढले होते.

आता आमच्या घरचा कायदा सांगतो. माझी शुगर वाढल्यापासून बायकोनं, म्हणजे कमलनं, जाहीर केलंय, "गोड तोंडात गेलं की मोबाइल माझ्याकडे. मग बसा भिंतीशी वाद घालत." कमल बोलते तसं करते. शिवाय तीही त्याच ग्रुपात आहे. लिहीत नाही, नुसती वाचते. अशी माणसं फार धोक्याची असतात.

परवा मी ग्रुपात लिहिलं, 'शुगरवाल्यानं केळ्याकडे बघूसुद्धा नये.' झालं! कारलं उसळलं. 'तेरे जैसों ने ही केले को बदनाम किया है. मर्द है तो कल सुबह शनवारे पे मिल, जलेबीवाले के सामने.'

मी लिहिलं, 'आऊंगा. पहचान लेना, वाघ हूं.'

सकाळी कमलला सांगितलं, "लॅबमधून रिपोर्ट आणतो," आणि निघालो. मनात धाकधूक होतीच. असली भाषा लिहिणारा म्हणजे दंडावर गोंदलेला, बुलेटवर फिरणारा दांडगा जवान असणार! मी छातीत हवा भरून शनवाऱ्याच्या चौकात पोचलो.

जलेबीवाल्यासमोर कोणी दांडगा नव्हता. बाकावर माझ्याच वयाचा एक किडकिडीत माणूस बसला होता. खांद्यावर रुमाल, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग.

"राम राम," मी म्हणालो. "इथे कोणी गुंडासारखा पोरगा दिसला का?"

"नाही ना भाऊ. मी बी तसल्याच एकाची वाट पाहून राहिलो. मी रामदास, जसोंडीचा."

"कमाल आहे. गुंड फारच वाढलेत."

"हाव ना. लोकायले बोलायची रीतच नाही राहिली."

मला तो माणूस एकदम आवडला. आम्ही गुंडांची वाट बघत गप्पा मारू लागलो. स्मार्ट मीटरवर आमचं एकमत झालं. मोबाइलनं पोरं बिघडली, यावर झालं. निवडणुकीवर तर इतकं जमलं की मी त्याला टाळी दिली. असा समजूतदार माणूस ग्रुपात का नाही, असं मला मनापासून वाटलं.

समोर कढईतून मावा जलेबी निघत होती. काळीभोर, पाकानं निथळणारी.

"मले तं मनाई हाय," रामदास म्हणाला. "शुगर. बायको घरात घेणार नाही."

"मलाही मनाई आहे."

मग आम्ही दोन प्लेट मागवल्या. एकाच दुःखाची माणसं भेटली की असं होतं.

वाट बघून बघून जलेबी संपत आली, पण गुंड काही आले नाहीत. "घाबरले," मी म्हणालो. "रामदासभाऊ, आपण येऊन गेल्याचा पुरावा हवा. एक फोटो काढा."

त्यानं दोघांचा फोटो काढला. जलेबीचा शेवटचा तुकडा माझ्या तोंडात अर्धा आत, अर्धा बाहेर होता. त्याला तो फोटो त्याच्या कुठल्याशा ग्रुपात टाकायचा होता, पण जमेना. मी तर मोबाइलमधला तज्ज्ञ! पाकानं चिकट झालेल्या बोटांनी मी त्याला कुठे दाबायचं ते दाखवलं. "हे असं. आणि लिहा, मी आलो होतो, तो डरपोक आला नाही."

त्यानं दाबलं आणि माझ्या खिशात टुंग वाजलं.

मी मोबाइल काढला. 'कडवा सच यांनी फोटो टाकला.' खाली मी आणि माझी जलेबी.

मी रामदासकडे बघितलं. त्यानं माझ्या मोबाइलवरचा वाघ बघितला.

"तुम्ही?"

"तुमी?"

लाज वाटायलाही वेळ नव्हता. "काढा तो फोटो, आधी काढा! माझी बायको आहे ग्रुपात!"

"माही बी हाय!" रामदासचा चेहरा उतरला. "पण काढाचा कसा? तुमीच तं तज्ज्ञ ना!"

टाकायचा कसा ते मला येत होतं. काढायचा कसा, ते कधी शिकायची वेळच आली नव्हती. मी सगळीकडे दाबलं. एकदा तर फोटो माझ्या साडूलाही गेला. तेवढ्यात फोन वाजला. कमल.

"कुठे आहात?"

"लॅबमध्ये. रिपोर्टला गर्दी आहे जरा."

"बरं. आजकाल लॅबमध्ये जलेबी देतात वाटतं."

घरी पोचलो तर ती दारातच हात पुढे करून उभी होती. मी मोबाइल तिच्या हातावर ठेवला. रामदासचाही त्याच दिवशी गेला, त्याच्या गोदाबाईनं घेतला. आता तो बाजाराला आला की आमच्या ओट्यावर बसतो. आम्ही बिनसाखरेचा चहा पितो आणि प्रत्येक गोष्टीवर आमचं एकमत होतं. मजा येते, खोटं कशाला बोलू?

ग्रुप मात्र बंद पडलेला नाही. माझ्या नावानं आता कमल लिहिते आणि त्याच्या नावानं गोदाबाई. कोणी कोणाचे पूर्वज काढत नाही. केळं कोणी, किती, कधी खावं हे दोघींनी डॉक्टरला विचारून लिहिलं, तर शेकडो लोकांनी वाहवा केली.

काल साडूचा फोन आला, तेवढ्यापुरता कमलनं मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाला, "भाईदास, मानलं तुला. जलेबी खाल्ल्यापासून तुझं डोकं फार चालायला लागलंय!"

मी "थँक्यू" म्हणालो आणि कमलनं सांगितलेली मेथी निवडायला बसलो.