कायद्यात बसणारी बोंब

आमच्या गल्लीत कुणाला जाहीर शिवी द्यायची असली, तर ती आधी दामूअण्णांना दाखवावी लागते. अण्णा कोर्टातले निवृत्त टायपिस्ट, बायको नलू गेल्यापासून एकटेच. मोर्चा कुठल्याही पक्षाचा असो, फलक त्यांच्या ओट्यावरूनच पुढे जातात. कानामागची लाल पेन्सिल काढून ते 'चोर' खोडतात आणि 'हिशेब द्या' लिहितात. वर म्हणतात, "खुर्चीला बोला, माणसाला नको. खुर्ची अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही."

नाशिकच्या आमच्या भाजीबाजारातलं बायकांचं एकुलतं एक स्वच्छतागृह पाडून तिथे गाळे काढायचं ठरलं, तेव्हा मी पुढारी झाले. वय पासष्ट, म्हणजे अगदीच अल्लड. क्रांती घशात असते असं वाटायचं. पालिकेतल्या साहेबांच्या आईपासून सुरू होणारी घोषणा मी लिहिली. अण्णांनी त्यातलं नुसतं यमक ठेवलं.

"अण्णा, यात जोर कुठे राहिला?"

"वहिनी, जोर कोठडीत काढाल. तिथला संडास पाहिलाय का?"

मोर्चा पालिकेच्या कचेरीसमोर पोचला तर इन्स्पेक्टरसाहेब आदेश घेऊन उभे. प्रक्षोभक घोषणा नकोत, पुतळा नको, कुणाचं नाव नको. अण्णांनी गाळून दिलेल्या घोषणासुद्धा त्यांनी नाकारल्या.

निफाडहून भाजी आणणाऱ्या यमुनाबाई म्हणाल्या, "मंग काय भजन म्हनायचं का?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पेन्सिल कानामागे खोचली, पालथा हात तोंडावर नेला आणि शिमग्याला मारतात तशी खणखणीत बोंब ठोकली. त्यांच्यामागून आम्ही सगळ्या.

"ही घोषणा कुठली?" इन्स्पेक्टर ओरडले.

"घ्या लिहून," अण्णा म्हणाले, "शब्द सापडला तर."

लिहिणारा हवालदार तोंड फिरवून हसायला लागला. वरच्या खिडक्या उघडल्या. शेवटी साहेब स्वतः खाली आले आणि स्वच्छतागृह पाडणार नाही असं सगळ्यांसमोर लिहून दिलं. आत पाण्याचा नळ द्यायचंही कबूल केलं. यमुनाबाईंनी मला उचलायचाच बेत केला होता, माझं वजन पाहून सोडून दिला.

आम्ही थांबलो. अण्णा थांबेनात. डोळे मिटून बोंब चालूच.

मी जवळ गेले. "अण्णा, जिंकलो आपण. पुरे आता."

"नलू आपल्या बाजारातच मेथी विकायची, वहिनी. सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. जायला जागाच नव्हती तेव्हा. मी कधी तोंड उघडलं नाही."

आणि पुन्हा हात तोंडावर. आता आवाज फाटत होता. इन्स्पेक्टर टक लावून बघायला लागले.

मी यमुनाबाईंना खूण केली आणि तोंडावर हात नेला. सगळा बाजार पुन्हा बोंबलायला लागला. मग अण्णांचा आवाज वेगळा ऐकू येईना.