पडद्याकडे पाठ

देवधरकाकांनी सिडनीत इतकी वर्षं मराठी सिनेमे आणले, पण त्यातला एकही स्वतः पाहिला नाही. थिएटर भाड्याने घ्यायचं, टूनगॅबी उपनगरातल्या आम्हा मराठी लोकांना फोन करकरून गोळा करायचं आणि पिक्चर सुरू झाला की पहिल्या रांगेपुढे पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं. हाताची घडी, नजर आमच्यावर. कुणी मोबाइल काढला की खाकरायचे. "काका, बसा की," म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "पिक्चर तयार होऊन आलाय रे. पब्लिक इथे तयार करायचंय."

पब्लिक मात्र आटत चाललं होतं. पोरांना सबटायटल्स हवीत, आईबापांना घरचा सोफा. त्यात काका सिनेमा मध्येच थांबवायला लावायचे, का, तर काकूंचे बटाटेवडे गार होतात. थिएटरचा गोरा मॅनेजर वैतागायचा आणि मग तोही वडा खायचा. काकू तिसऱ्या रांगेत कडेला बसायच्या. विनोद पुरता व्हायच्या आत त्या हसायच्या, मग सगळं थिएटर हसायचं.

लॉकडाऊन लागला तरी हा गृहस्थ ऐकेना. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या टीव्हीवर पिक्चर लावायचा, व्हिडिओ कॉलवर राहायचं आणि माइक चालू ठेवायचा. नुसता वैताग! कुकरच्या शिट्ट्या काय, कुत्री काय, नवराबायकोची भांडणं काय. हळूहळू लोकांनी माइक बंद केले, मग कॅमेरे.

तेवढ्यात काकूंना कोविड झाला. त्या वेस्टमीड हॉस्पिटलात अ‍ॅडमिट, भेटायला बंदी, काका घरात आयसोलेशनमध्ये. आणि रविवारी काकांचा फोन, शो आहे, माइक चालू ठेव.

माझं डोकंच फिरलं. "काका, काकू ऑक्सिजनवर आहेत आणि तुम्हाला पिक्चर सुचतोय?"

ते म्हणाले, "नर्स तिच्या उशाशी फोन ठेवणार आहे. बघण्याइतकं त्राण नाही तिच्यात, पण ऐकू येतं. माझ्या एकट्याच्या हसण्याने थिएटर भरत नाही रे."

मग घरोघरी फोन मीच केले. त्या दिवशी एकानेही माइक बंद केला नाही. पिक्चर भिकार होता. तरी आम्ही हसलो. मराठीचं अक्षर न कळणारी पोरंसुद्धा हसली. मध्येच हॉस्पिटलकडून बारीकसा आवाज आला. खोकला असावा. काका म्हणाले, हसली.

काकू त्याच आठवड्यात गेल्या. अंत्यदर्शनही आम्ही स्क्रीनवरच घेतलं.

थिएटरं उघडल्यावर काकांनी पुन्हा शो लावला. पाचसहा घरंच आली. दिवे गेले आणि काका पहिल्यांदाच खुर्चीत बसले, तिसऱ्या रांगेत, कडेला, पडद्याकडे तोंड करून. पिक्चर मध्ये कुठेच थांबला नाही.

बाहेर पडताना मी विचारलं, कसा वाटला?

"काही कळला नाही रे," काका म्हणाले. "मला तिच्या तोंडावरच पिक्चर बघायची सवय."